मोजणीदारांचा चंद्र परत करा

अन्याय झाला तो अंबादासराव मोजणीदारांवर. कधी, तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. कुठं, तर तुळजापुरातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भिंतींना लाज वाटून उपयोग नाही, ती माणसांना वाटली पाहिजे.

त्या दिवशी तिथं विज्ञान प्रदर्शन होतं. परीक्षक तीन. मोजणीदारांनी काढलेला चंद्राचा फोटो त्यांनी हातात घेतला, सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला, आणि तो ज्वारीच्या भाकरीचा फोटो असल्याचा निकाल दिला.

"करपलीय," पहिले म्हणाले.

"आणि ह्या अंगाला कुणीतरी तुकडा मोडलाय," दुसऱ्यांनी चष्मा पुसून सांगितलं.

तिसरे नुसते हसले. त्यांना बहुतेक तेवढ्यासाठीच बोलावलं होतं.

मग फोटो ह्या हातातून त्या हातात गेला. पालकांनी बघितला, पुजाऱ्यांनी बघितला, पाऊस आला म्हणून व्हरांड्यात शिरलेल्या यात्रेकरूंनी बघितला. "भाकरीसंगं कोरड्यास कुठाय?" असं कुणीतरी विचारलं आणि सगळा व्हरांडा पोट धरून हसला. हसणं थांबलं तेव्हा फोटो कुणाच्याच हातात नव्हता. तो अजून सापडलेला नाही.

मोजणीदारांना तुम्ही नावानं ओळखत नसाल, पण बघितलेलं असणार. आमच्या गल्लीत एका माळवदावर गेल्या माघापासून चैत्रापर्यंत दर संकष्टीला, चंद्र लिंबाच्या वर आला की, एक उंच वाळका म्हातारा काळी टोपी उचलून चंद्राला सलाम करायचा. टोपी खाली, मग पुन्हा वर. असं मोजून बारा वेळा. कुणी म्हणतं निजामाच्या नोकरीत होता, सलामाची सवय जात नाही. कुणी म्हणतं डोकं फिरलंय. दोन्ही कारणं खोटी आहेत. त्या वेळी ती टोपी त्यांच्या डोक्यावर नसायचीच, दुर्बिणीच्या तोंडावर असायची. हे मी छातीठोक सांगतो, कारण मी शेजारी घड्याळ धरून उभा होतो.

मोजणीदार म्हणजे जमीन मोजणारा. निजामाच्या काळात ह्या माणसानं साखळी ओढत निम्मा जिल्हा पायांखाली घातला. अणदूरची रानं, सोनारीची रानं, बांध आणि दगड त्यांना अजून तोंडपाठ आहेत. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. जमिनीच्या मोजणीला ते अजून 'पैमाइश' म्हणतात आणि भाजीवाली समोर आली की तिच्या दोडक्यांचा 'मुआयना' करतात.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "कागदावर येऊ द्या, मग बोलू."

दूधवाला म्हणाला दुधात पाणी नाही, तर "लिहून दे." जावई म्हणाला येत्या महिन्यात येतो, तर "कागदावर येऊ द्या." संस्थान खालसा झालं तेव्हा गावभर पेढे वाटले. मोजणीदारांनी पेढा घेतला, डबीत ठेवला आणि कचेरीत लेखी हुकूम येईपर्यंत खाल्ला नाही. हुकूम आला तोवर पेढ्यावर हिरवी बुरशी आली होती. त्यांनी हुकूम वाचला आणि पेढा खाल्ला. पुढं आपण हैदराबादेतून मुंबईत गेलो, मुंबईतून महाराष्ट्रात आलो. मोजणीदार म्हणायचे, "तीन राज्यं झाली, आमचं घर जागचं हाललं न्हाई. म्हणून म्हणतो, कागद सांभाळून ठेवावा."

चंद्र किती लांब आहे ते मी त्यांना एकदा सांगितलं. दोन लाख मैलांच्या वर.

"कुणी मोजलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"साखळीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

मी पत्रकं काढणारा माणूस. हुंड्याविरुद्ध काढलं, दारूविरुद्ध काढलं, उपासतापासांविरुद्ध तर दोनदा काढलं. त्यातलं एक मोजणीदारांच्या दारावर मी स्वतः चिकटवलं होतं. ते त्यांनी खरवडलं नाही. वर तारीख नव्हती, ती शाईनं घातली. तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणतात.

गेल्या दसऱ्यानंतर त्यांच्याकडे टपालानं एक लांबट पार्सल आलं. आत दुर्बीण. पुठ्ठ्याची नळी, पुढं मोठं भिंग, मागं डोळा लावायचं बारीक भिंग. नवशिक्यांसाठी म्हणून विकतात ती. सोबत इंग्रजी माहितीपत्रक होतं, ते वाचायला मला बोलावलं. मी वाचत गेलो. सूर्याकडे रोखू नका, भिंग धोतरानं पुसू नका, वगैरे. शेवटच्या पानावर तळाला एक ओळ होती: हिला कॅमेराही जोडता येतो.

"कसा?" मोजणीदार.

"ते लिहिलेलं नाही."

"पण जोडता येतो हे लिहिलंय न्हवं? कागदावर हाय न्हवं? मग जोडू."

त्या एका ओळीनं आमचे सहा महिने घेतले. आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यात तसे सहा महिने पुन्हा आलेले नाहीत.

कॅमेरा म्हणजे डब्बा कॅमेरा. देवळाच्या वाटेवर यात्रेकरूंचे फोटो काढणाऱ्या एकानं नवा घेतला आणि जुना ह्यांना दिला. माणूस जिथं डोळा लावतो तिथं कॅमेऱ्याचं भिंग लावायचं, इतकी साधी गोष्ट. पण ते तिथं टिकायला हवं, बरोबर मधोमध यायला हवं आणि दोघांच्या सांध्यातून उजेड आत शिरता कामा नये.

कार्तिकातल्या संकष्टीला आम्ही कॅमेरा धोतराच्या पट्टीनं बांधला. तो तिसऱ्या फोटोला मोजणीदारांच्या पायावर पडला. मार्गशीर्षात त्यांनी सांधा कणकेनं लिंपला. ज्वारीचं पीठ चिकटेना म्हणून गव्हाची कणीक. सांधा झकास बसला. फिल्म धुऊन आली सोलापूरहून. बारांपैकी अकरा फोटोंत काही नव्हतं, आणि बाराव्यात पांढऱ्या डागावर पाय असलेला एक जीव स्पष्ट दिसत होता.

मला रात्रभर झोप आली नाही. रशियाचा माणूस नुकताच आकाशात फिरून आला होता, आणि इथं तुळजापुरात चंद्रावर जीवसृष्टी सापडली होती. मी पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला. सकाळी मोजणीदारांनी भिंगातून मुआयना केला.

"पाय सहा. मुंगी हाय. कणकेला लागली असंल, आत शिरली."

"कशावरून?"

"कागदावर आलीय न्हवं?"

मग आम्ही डबे करणाऱ्या महेबूबभाईंकडे गेलो. मोजणीदारांनी घरातलं धान्य मापायचं पत्र्याचं चिपटं नेलं होतं. त्याचं बूड कापायचं, एक तोंड दुर्बिणीला बसवायचं, दुसरं कॅमेऱ्याला.

महेबूबभाईंनी चिपटं फिरवून फिरवून बघितलं. "क्या साब, चांद को टोंटी लगारे क्या?"

"तुम काटो जी."

"काटतूं. मगर घर में चाची पूछे तो मेरा नाम नक्को लेव."

चिपटं अगदी मापात बसलं. पण पौषातल्या फोटोत नुसता पांढरा धुरळा आला. आतला पत्रा चकाकत होता, सगळा उजेड तिथंच उड्या मारत होता. आतून काळं करायला हवं होतं. मोजणीदार आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "जरा काजळ देता का?"

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "कुणाला?"

"चंद्राला."

"द्या की. दृष्ट लागंल न्हाईतर त्याला, तुम्ही एवढं टक लावून बघताव."

काकूंना मी तोवर फार पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्या घाटाच्या पायऱ्यांवर घसरल्या, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून मधल्या खोलीत पलंगावर. हलवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. आवाज मात्र सगळ्या घरात फिरायचा.

माघात दुसरीच अडचण. कॅमेऱ्याची खिटी दाबली की सगळी दुर्बीण थरथरायची आणि फोटोत चंद्राची शेपूट यायची. जमिनीच्या मोजणीची जुनी तिपाई घेतली, तिच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या, तरी शेपूट. इथं मोजणीदारांनी जी युक्ती काढली तिला मी आजही सलाम करतो. त्यांनी खिटी दाबून दोऱ्यानं बांधूनच टाकली आणि आपली काळी टोपी दुर्बिणीच्या तोंडावर धरली. कॅमेरा उघडा, पण दुर्बीण झाकलेली. सगळं स्थिर झालं की टोपी हळूच उचलायची, पुन्हा झाकायची. तेवढाच उजेड आत.

"किती वेळ उचलायची, काका?"

"साहेबाला सलाम करायला लागतो तेवढा वेळ. चाळीस वर्षं केलाय, हाताला माप हाय."

त्यांच्या वहीत नोंदी तशाच आहेत. 'सलाम एक.' 'सलाम दीड.' 'सलाम दोन, साहेब रागीट.'

चंद्र मधोमध आलाय की नाही हे कॅमेऱ्यातून कळत नव्हतं. त्यांनी फिल्मच्या जागी तेलकट कागद लावला, त्यावर चंद्र बरोबर मधोमध आणला आणि त्याच वेळी नळीवर दोन खिळे असे ठोकले की चंद्र त्या दोन खिळ्यांच्या रेषेत दिसावा. पुढं फिल्म भरल्यावर खिळ्यांवरून नेम धरायचा. शेतातली हद्दीची काठी जशी धरतात तसा. फाल्गुनात त्यामुळे चंद्र आला, पण मी फिल्म पुढं सरकवायला विसरलो आणि एकावर एक दोन चंद्र आले. मोजणीदारांनी त्याखाली शेरा मारला: 'हद्द कायम नाही.'

एका गोष्टीवरून मात्र आमचं कायम भांडण. माझ्या वाचनानं अष्टमीचा चंद्र फोटोला उत्तम, कारण त्या दिवशी डोंगरांच्या सावल्या पडतात. शिवाय तो संध्याकाळीच डोक्यावर असतो, वाट बघावी लागत नाही. मोजणीदार म्हणायचे, "मला वद्य चौथीचाच पाहिजे."

"का पण?"

"फर्माइश तशी हाय."

"कुणाची?"

"पत्रकवाले, घड्याळ धरा."

मी मनात म्हणालो, म्हातारा हट्टी आहे.

चैत्रातल्या संकष्टीला वारा अजिबात नव्हता. बारा सलाम झाले. फिल्म सोलापूरला गेली. पाचव्या दिवशी दुपारच्या मोटारीनं पाकीट आलं. मोटारतळावरच मी ते फोडायला निघालो, मोजणीदारांनी माझा हात धरला. "घरी. बसून." घरापर्यंत ते धावले. सत्तरीचा माणूस, मी मागं पडलो.

बारांपैकी अकरा वाया गेले होते, पण पाकिटात तळहाताएवढा एक चंद्र होता. खराखुरा. काळे डाग, खालच्या अंगाला एक पांढरा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या रेषा, आणि एका बाजूला किंचित कमी, चौथीला असतो तसा. चिपट्यातून, काजळातून, टोपीखालून आलेला. मग मोजणीदार फोटो घेऊन मधल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला राग आला, हेही लिहून टाकतो. सहा महिने घड्याळ मी धरलं होतं.

आता माझा गुन्हा. श्रावणात शाळेचं प्रदर्शन आलं आणि मी मोजणीदारांच्या मागं लागलो. गावाला कळू द्या, विज्ञान म्हणजे काय ते कळू द्या, वगैरे. त्यांचं मन नव्हतं. चार दिवस नाही म्हणाले. पाचव्या दिवशी विचारलं, "चौथीच्या आत परत मिळंल न्हवं?"

"संध्याकाळी परत. माझा शब्द."

मोजणीदारांनी पहिल्यांदाच कुणाचा तरी शब्द लेखी न घेता मानला. फोटो काढून दिला आणि त्याला मूळ फिल्मचा तुकडा टाचणीनं टोचून दिला.

"फिल्म कशाला, काका? ती घरी असू द्या."

"कचेरीत अस्सल जोडल्याशिवाय नक्कल धरत न्हाईत. एवढे शिकलेले लोक बसणार, विचारतील की अस्सल कुठाय."

कुणी विचारलं नाही. अस्सल आणि नक्कल, दोन्ही एकाच टाचणीत गेली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो ते पत्रकाचा मजकूर खिशात घेऊनच. मथळा होता 'सत्याची भाकरी'. मी सगळं सांगितलं. परीक्षक काय म्हणाले, कोण कसं हसलं. माझा आवाज चढला होता. मोजणीदार ऐकत होते. भाकरीचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चौथ किती दिवसांवर आली?"

मी बोटं मोजली. "तेरा."

ते उठले आणि बाहेर गेले. माळवदावर चढल्याचा आवाज आला. वर आभाळ गच्च भरलेलं, वर बघण्यासारखं काही नव्हतं.

"पत्रकवाले, आत या," काकूंनी हाक मारली.

मी पलंगाशी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "संकष्टी मी सोडलेली न्हाई. चंद्र बघितल्याबिगर जेवत न्हाई. तुमचं पत्रक ऐकलंय मी, त्यांनी वाचून दाखवलं. ते ऱ्हाऊ द्या. पडल्यापास्नं हे माळवदावर जायचे आन् वरनं सांगायचे, निघाला. मी जेवायची. एका श्रावणात असंच सांगितलं, निघाला. मी घास घेतला आन् पत्र्यावर पाऊस वाजाय लागला."

"मग?"

"मग काय. काही बोलले न्हाई मी. पण त्यानंतर त्यांच्या तोंडावर विश्वास ठिवला न्हाई. आभाळ मोकळं असलं की अंगणात आरसा धरत्यात, त्यात बघते. पावसाळ्यात आरसा काय करणार? चार महिने मी तशीच निजायची. आन् मी जेवले न्हाई की ते बी जेवत न्हाईत. म्हणत्यात, भूक न्हाई. लबाड."

मला सगळं एकदम कळलं. चौथीचाच का, आणि फर्माइश कुणाची.

"आषाढात फोटो दाखवला त्यांनी, दिवा धरून. म्हणले, आता कागदावर आलाय. बगा आन् जेवा. मी अक्षता वाहिल्या आन् जेवले."

"पण काकू," मी म्हणालो, कारण मला गप्प राहता येत नाही, "तो तर चैत्रातला चंद्र. आषाढातला नव्हता."

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "मला कळत न्हाई व्हय? पर थंडीत तिथं वर उभं ऱ्हाऊन, टोपी काढून, एवढं केलं त्यांनी एका खोट्यापायी. आता मी न्हाई म्हणू? मी घास घेतला की ते घेत्यात. तुम्ही कशाला चिडताव? भाकरी म्हणले ना लोक? बराबर वळखलं. आमची दोघांची भाकरीच हाय ती."

खिशातलं पत्रक मी घरी येऊन चुलीत घातलं. हे त्याच्या जागी लिहिलेलं आहे.

उपासाबद्दल माझं मत बदललेलं नाही. विज्ञानाबद्दलही नाही. परीक्षकांशी माझं भांडण आहेच आणि ते मी त्यांच्या तोंडावर करीन. पण ह्या कागदाचा त्या भांडणाशी संबंध नाही. हा कागद तुमच्यासाठी आहे. व्हरांड्यात तुम्ही होता. हसला असाल, नसाल, मला त्याचं काही नाही. फोटो उडून गेला नाही, तुमच्यापैकी कुणाच्या तरी वहीत, पिशवीत, फळीवर आहे. यात्रेकरूंबरोबर सोलापूरच्या मोटारीत गेला असेल तर तिथल्या माणसानंही हे वाचावं.

आज श्रावण शुद्ध एकादशी. संकष्टीला आठ दिवस आहेत आणि आभाळ दिवाळीपर्यंत उघडेल असं दिसत नाही. त्या रात्री आमच्या गल्लीत दोन म्हातारी माणसं एकमेकांना भूक नाही म्हणून सांगत बसतील.

तर घरात शोधा. सापडला की मोजणीदारांच्या दाराच्या फटीतून आत सरकवा. नाव सांगू नका, माफी मागू नका, कुणी विचारणार नाही. फक्त चौथीच्या आत आणा. आणि टाचणी काढू नका.